ॲक्रिलिकची पाटी रंग का सोडते?

पत्र्यावर वर्षानुवर्षं टिकणारा ऑइलपेंट पारदर्शक ॲक्रिलिकच्या पाटीवर मात्र एखाद-दुसऱ्या पावसाळ्यातच हात टेकतो. आधी कडेला नखाएवढा पोपडा उचलतो, मग त्याच्यामागे पाणी शिरतं आणि बघता बघता ‘दवाखाना’मधला ‘खा’ गळून पडतो. दोष रंगाच्या डब्यावर जातो, नाहीतर पेंटरवर. खरा घोटाळा असतो तो पत्र्याची रीत प्लास्टिकला लावण्यात.

मराठी फलकांच्या २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर पाट्यांचा विषय गावोगावी निघाला. सातारा-सांगलीकडे बाजारपेठेत फिरलं तरी दिसतं की छोट्या पाट्यांसाठी आता ॲक्रिलिकलाच पसंती आहे. ते काचेसारखं दिसतं, वजनाला काचेच्या निम्म्याहून हलकं आणि सहज फुटत नाही. पण दिसण्यापलीकडे दोघांचं फारसं जमत नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यातल्या प्रभाकर कंदिलाची काच वातीच्या धगीशेजारी निवांत राहायची. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतं. त्यामुळे पत्र्याच्या वस्तूला पावडर कोटिंग करून भट्टीत भाजतात, तो मार्ग इथे बंद. रंगाला जी काही पकड घ्यायची ती शीट थंड असतानाच.

ती पकड दोन तऱ्हांनी मिळते. एक म्हणजे पृष्ठभाग खरवडून रंगाला अडकायला जागा देणं. दुसरी, आणि माझ्या मते जास्त भरवशाची, म्हणजे रंगातल्या थिनरनं ॲक्रिलिकचा वरचा अगदी पातळ थर किंचित मऊ करणं, म्हणजे रंगातलं राळेचं द्रव्य आणि शीटचं द्रव्य एकमेकांत गुंततात आणि थिनर उडाला की तसेच अडकून बसतात. ॲक्रिलिकवर चालणारे लॅकर आणि स्क्रीन प्रिंटिंगच्या शाया असंच काम करतात. टर्पेंटाइनवर पातळ केलेला ऑइलपेंट असा चावा घेत नाही. तो नुसता वर पसरतो, हवेतला ऑक्सिजन घेत घेत कडक होतो आणि पुढे वर्षागणिक ठिसूळ होत जातो.

मग जहाल थिनर ओतला की झालं? तिथेच फसगत होते. शीट लेझरवर कापली की कापलेल्या कडेला ताण साठून राहतो. अशा कडेवरून थिनरचा बोळा फिरवा आणि तिरप्या उजेडात धरा: थोड्या वेळात केसाएवढ्या बारीक चिरांची झालर कडेपासून आत सरकताना दिसते. त्या चिरा पुसून जात नाहीत, घासूनही नाही. साच्यात ओतून केलेली शीट यंत्रातून दाबून काढलेल्या स्वस्त शीटपेक्षा हा मारा बराच बरा सोसते. शीट घेताना दुकानदाराला तेवढं विचारावं. कडेचा ताण घालवायचा तर कापलेला तुकडा सुमारे ८० अंशांवर काही तास ठेवून सावकाश निवू देतात. गल्लीतल्या दुकानात ही सोय नसते. तेव्हा सौम्य थिनर, पातळ हात, आणि एका हातानंतर दुसरा द्यायची घाई नको.

घासण्याचा सल्ला सगळेच देतात. तो अर्धाच खरा आहे. अपारदर्शक शीटवर समोरून रंगवायचं असेल तर ४०० ते ६०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून हलका फिरवावा. पारदर्शक पाटी मात्र बहुधा मागून रंगवतात आणि समोरून वाचतात. तिथे सरसकट घासलं तर जिथे रंग नाही तिथे धुकं दिसतं. अशा वेळी भिस्त योग्य रंगावर आणि सफाईवर. संरक्षक कागद रंगवायच्या ऐन वेळी सोलावा, साबणाच्या कोमट पाण्यानं शीट धुवावी, मऊ ओल्या कापडानं टिपावी. कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसलं की शीटवर वीज साठते आणि आजूबाजूची धूळ स्वतःहून येऊन चिकटते.

मागून रंगवायची कला आपल्याकडे जुनी. पश्चिम भारतातल्या काचचित्रांच्या संदर्भात कच्छबरोबर साताऱ्याचंही नाव येतं, आणि पुण्याच्या केळकर संग्रहालयात अशी चित्रं पाहायला मिळतात. त्यांत नथीचा मोती आधी, चेहरा मग आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. पाटीचंही तेच: अक्षरावरची चमक, मग अक्षर, मग सावली, शेवटी मागचा रंग. देवनागरीत आणखी एक गंमत आहे. उलट्या बाजूनं ऱ्हस्व वेलांटी हुबेहूब दीर्घ दिसते. त्यामुळे शुद्धलेखन दर दोन शब्दांनी शीट फिरवून, समोरूनच तपासावं लागतं. रंग वाळल्यावर कळून उपयोग नाही.

ती जुनी काचचित्रं भिंतीवर, सावलीत राहिली, तरी दमट हवेत त्यांचेही रंग काचेपासून सुटतात. दुकानावरची पाटी तर उन्हात. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर चार फूट लांबीचं ॲक्रिलिक जवळजवळ साडेतीन मिलिमीटर वाढतं. तेवढीच काच अर्धा मिलिमीटरही नाही. सांगलीच्या एप्रिलमध्ये भर दुपारी तापलेली आणि डिसेंबरच्या पहाटे गारठलेली पाटी एवढी हालचाल सहज करते. कडक झालेल्या ऑइलपेंटला ती झेपत नाही, म्हणून लवचीक राहणारा ॲक्रिलिक रंगच बरा. स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवावं आणि स्क्रू आवळून टाकू नये, नाहीतर तडा भोकापासूनच सुरू होतो.

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जतला पाचशेच्या आसपास. पाणी मात्र दोन्हीकडे एकाच वाटेनं शिरतं: कडेनं. म्हणून रंग अगदी कडेपर्यंत नेऊ नये. थोडी पट्टी कोरी सोडावी आणि मागून संरक्षक लेपाचा हात देऊन रंगाची कड झाकून घ्यावी.

सगळं करूनही खात्री हवी असेल तर उरलेल्या कातरणावर तोच रंग लावून आठवडाभर वाळू द्यावा. मग कटरनं सहा उभ्या, सहा आडव्या रेघा मारायच्या, म्हणजे पंचवीस चौकोन होतात. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून एका झटक्यात ओढायची. कारखान्यांतही रंगाची पकड अशीच तपासतात. चौकोन पट्टीबरोबर आले तर तो रंग त्या शीटवर लावूच नये. पाटी लागल्यावर दिवाळीच्या साफसफाईत अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा तिच्यावर मारू नका. त्यानंही बारीक चिरा पडतात. साबणाचं पाणी पुरतं.