रात्रपाळी करणारा निवडुंग

ड्रॅगनफ्रूट तुम्ही बाजारात पाहिलं असेल, कदाचित खाल्लंही असेल. गडद गुलाबी साल, तिच्यावर हिरव्या टोकांचे खवले, आत पांढरा नाहीतर लालभडक गर आणि त्या गरात शेकडो बारीक काळ्या बिया. हे फळ येतं एका निवडुंगाला. आणि हा निवडुंग चक्क झाडावर चढतो!

निवडुंग आणि चढणारा? निवडुंग तर वाळवंटात एका जागी उभा असतो ना? सगळेच नाही हं. जवळजवळ सगळे निवडुंग मूळचे अमेरिका खंडातले, पण त्यातले काही दाट रानात राहतात. ड्रॅगनफ्रूटचं माहेर दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथल्या रानात जमिनीवर ऊन फारसं पोचत नाही. मग हा गडी शेजारच्या झाडाचा आधार घेतो, खोडातून मुळं फुटवतो, त्या मुळांनी साल घट्ट धरतो आणि उजेडाकडे वर वर सरकतो. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच लोकांनी तो व्हिएतनामला नेला. आज आपल्याकडे सांगली, सोलापूरच्या कोरडवाहू भागातही त्याच्या बागा आहेत.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : हे झाड मूळचं रानातलं आणि चढणारं आहे. घरी त्याला काय हवं, काय नको, याची उत्तरं बहुतेक यातूनच मिळतात.

हिरवं खोड, रात्रीचा बाजार

ड्रॅगनफ्रूटचं खोड जवळून बघा. तीन कडांचं, मांसल, हिरवंगार. कडांवर थोड्या थोड्या अंतरावर आखूड काटे असतात. हे काटे म्हणजे रूप बदललेली पानं. मग अन्न कोण तयार करतं? ते हिरवं खोडच!

आता खरी गंमत. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. पण छिद्रं उघडली की आतलं पाणीही वाफ होऊन निसटतं. ड्रॅगनफ्रूट ही छिद्रं मुख्यतः रात्री उघडतो, कारण तेव्हा हवा गार असते आणि पाणी कमी उडतं. रात्री घेतलेला वायू तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो. दिवसा छिद्रं बंद, साठा बाहेर, आणि सूर्यप्रकाशात अन्न तयार करायचं काम सुरू. म्हणजे रात्री बाजार करून ठेवायचा आणि दिवसा दार लावून स्वयंपाक करायचा!

या युक्तीचा एक धागा आपल्या देशात सापडला होता. बेंजामिन हाइन हे वनस्पतिशास्त्रज्ञ भारतात काम करत होते. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. 1813 साली त्यांनी ते पत्राने लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसा वापरून संपायचं, म्हणून चव बदलायची. ड्रॅगनफ्रूटमध्येही हेच चालतं. (पान चाखण्याचा प्रयोग मात्र तुम्ही करू नका. पानफुटीत विषारी द्रव्यं असतात.)

चला, लावूया!

बी पेरलंत तर रोप येतं, पण फळासाठी बरीच वर्षं थांबावं लागतं. तरी गंमत म्हणून थोड्या बिया धुऊन ओल्या मातीवर भुरभुरा. एक-दोन आठवड्यांत दोन जाडसर इवली पानं डोकावतील आणि त्यांच्या मधून काटेरी बाळखोड वर येईल.

फळं लवकर हवीत ना? मग नर्सरीतून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून फूट-दीड फुटाची कांडी आणा. ती लगेच लावू नका. आठवडाभर सावलीत ठेवा, म्हणजे कापलेला भाग वाळून जखम बंद होते. ओली जखम मातीत गेली तर कांडी कुजते. खालचं टोक कोणतं यावर आधीच खूण करा, तेच मातीत गेलं पाहिजे.

एक सावधगिरी. आपल्याकडे शेताच्या कुंपणाला तिधारी निवडुंग असतो. तोही दिसतो काहीसा असाच, पण तोडला की त्यातून पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. म्हणून कुठलीही कांडी मोठ्यांना विचारूनच तोडा.

कुंडी मोठी घ्या. अर्धा कापलेला प्लास्टिकचा ड्रमही चालेल. तळाला भोकं हवीतच. अर्धी माती, बाकी वाळू आणि जुनं शेणखत किंवा गांडूळखत असं मिश्रण भरा. याची मुळं उथळ असतात, चिखलात त्यांचा श्वास कोंडतो. म्हणून वरची दोन बोटं माती कोरडी झाली की मगच पाणी द्या.

आता चढायला आधार द्या. शेतकरी सिमेंटचा खांब रोवतात, त्याच्या माथ्यावर गोल चौकट किंवा जुना टायर बसवतात. गच्चीवर पाच-सहा फुटांचा भक्कम पाइप पुरेल. वाढणारं खोड सुतळीने सैल बांधा. वाटेत बाजूला फुटणारे कोंब मोठ्यांकडून काढून घ्या. खोड माथ्यावर पोचलं की त्याचा शेंडा खुडा. मग वरून खूप फांद्या फुटतील आणि चौफेर खाली लोंबतील. या लोंबत्या फांद्यांवरच फुलं येतात.

ऊन रोज पाच-सहा तास हवं. मात्र रानातल्या सावलीची सवय याच्या अंगात आहे. एप्रिल-मेच्या उन्हात खोड पिवळं पडून भाजतं, तेव्हा हिरवी जाळी लावा. बुंधा मऊ आणि तपकिरी झाला, तर पाणी जास्त होतंय असं समजा.

रात्रीचं फूल

कांडी लावून साधारण एक-दोन वर्षं झाली की पावसाळ्याच्या सुमारास कळ्या धरतात. दिवस मोठे आणि रात्री छोट्या असल्या की या झाडाला फुलायची वेळ कळते. व्हिएतनाममधले शेतकरी मोठ्या रात्रींच्या दिवसांत बागेत दिवे लावतात. मध्येच उजेड पडला की रात्र छोटी आहे असं झाडाला वाटतं आणि ते बिनमोसमात फुलतं!

फूल पांढरंशुभ्र, जवळजवळ फूटभर लांब. संध्याकाळी उमलू लागतं, रात्री पूर्ण फुलतं आणि सकाळच्या उन्हात मिटून जातं. त्याला एकच रात्र मिळते. अंधारात दिसावं म्हणून रंग पांढरा, पाहुण्यांना बोलवायला सुगंध. माहेरी त्याच्याकडे वटवाघळं आणि मोठे पतंग येतात.

तुमच्या गच्चीवर तुम्हीच पतंग व्हा. मऊ ब्रशने पुंकेसरांवरचे पिवळे पराग उचला आणि मधल्या ताऱ्यासारख्या कुक्षीवर अलगद लावा. फूल लागलं तर महिन्याभरात हिरवं फळ गुलाबी होईल. रंग आला तरी तीन-चार दिवस थांबा, कारण तोडल्यावर हे फळ आणखी गोड होत नाही. लाल गराचं फळ खाल्लंत आणि दुसऱ्या दिवशी शू गुलाबी दिसली तर घाबरू नका. बीटमध्ये असतात त्याच जातीची ही रंगद्रव्यं!

आणि छान फुलूनही फळ धरलं नाही तर? ड्रॅगनफ्रूटच्या काही वाणांना स्वतःचे पराग चालत नाहीत. त्याच रोपाची कांडी शेजारी लावूनही उपयोग नाही, कारण कांडीतून वाढलेलं रोप म्हणजे तेच रोप पुन्हा. हवा असतो दुसरा वाण. तेव्हा मैत्रिणीकडे पांढऱ्या गराचं असेल, तर तुम्ही लाल गराचं लावा. कांड्यांची अदलाबदल करा, फुलांच्या रात्री एकमेकींना फोन करून परागही पोचवा. दोन्ही घरी फळं धरतील.