काकाओचा कप आणि पाळीतला थकवा

चंडीगडहून तुमचा हा निवृत्त फौजी. पाळीच्या दिवसांत 'सेरेमोनियल काकाओ' प्यावा का, हा आजचा विषय.

काकाओ म्हणजे कोकोच्या आंबवलेल्या बिया वाटून केलेला, बिनसाखरेचा लगदा. तो गरम पाण्यात घुसळून, शांत बसून पितात. मेक्सिको-ग्वाटेमालातल्या माया लोकांच्या विधींत हे पेय होते. पाळीशी त्याची सांगड मात्र अलीकडची. त्यात मॅग्नेशियम असते, थिओब्रोमीनमुळे तरतरी येते. बाईला घटकाभर निवांत बसायला मिळते, हेही थोडके नाही.

पण थकवा ॲनिमियाचा असेल तर? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. आणि कोकोतली पॉलिफेनॉल्स अन्नातले लोह नीट अंगी लागू देत नाहीत! म्हणून हा कप जेवणासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत नको. तास-दोन तासांचे अंतर ठेवा. पालेभाजीवर लिंबू पिळा.

फौजेत आधी टेहळणी, मग कूच. इथली टेहळणी म्हणजे हिमोग्लोबिनची तपासणी. आकडा १२च्या खाली आला किंवा रक्तस्राव फार होत असेल, तर कप बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.