जुनी वास्तू 'संरक्षित स्मारक' कशी ठरते?

सातवीच्या वर्गात आम्ही इतिहास शिकवत होतो. ताजमहाल, बीबी का मकबरा, दौलताबाद अशी नावं फळ्यावर लिहिली आणि सांगितलं की ही सगळी संरक्षित स्मारकं आहेत. एका मुलीने हात वर केला. "सर, आमच्या मोहल्ल्यातली मशीद पण जुनी आहे. मग तिथे तो निळा बोर्ड का नाही?"

प्रश्न साधा होता, पण याचं उत्तर आपल्या बहुतेक घरांत माहीत नसतं. म्हणून हे लिहीत आहोत.

यादी कोण ठरवतं?

आपल्याकडे दोन याद्या आहेत. एक केंद्र सरकारची. तिचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग पाहतो. १९५८ च्या कायद्यानुसार वास्तू किमान १०० वर्षं जुनी हवी आणि इतिहास, पुरातत्त्व किंवा कला यांच्या दृष्टीने महत्त्वाची हवी. देशभरात अशी ३,६०० पेक्षा जास्त स्मारकं आहेत. दुसरी यादी राज्य सरकारची. ती १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय सांभाळतं.

केंद्राच्या यादीत नाव कसं येतं? आधी अधिकारी जागेची पाहणी करतात, नकाशे-फोटोंसह प्रस्ताव जातो. मग राजपत्रात प्राथमिक अधिसूचना निघते आणि तिची प्रत त्या वास्तूजवळ लावली जाते. हरकत घ्यायला दोन महिने मिळतात. हरकतींचा विचार झाल्यावर अंतिम अधिसूचना निघते. हे दोन महिने फार मोलाचे असतात. मुतवल्ली, जमात, शेजारी, ज्याला काही म्हणायचं असेल त्याने तेव्हाच लेखी म्हणावं. नंतर तक्रार करून फारसं हाती लागत नाही.

पुरावा कुठला?

आपल्या लोहाऱ्यातलं कमलेश्वर मंदिर हेमाडपंती आहे. हेमाडपंती म्हणजे चुना न वापरता दगडात दगड बसवून केलेलं काम. त्या बांधणीवरूनच जाणकार काळाचा अंदाज बांधतात. मशिदी आणि दर्ग्यांची जन्मतारीख मात्र पुष्कळदा कतब्यावर, म्हणजे शिलालेखावर असते. बुलडाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडची मशीद केंद्राच्या यादीत आहे. ती खुदावंदखानाने १५८२ मध्ये बांधली, हे तिथल्या कतब्यामुळे कळतं. विदर्भातच अचलपूरचा हौज कटोराही संरक्षित आहे.

आता आपण काय करतो ते पाहा. मशिदीचं काम निघालं की जुन्या भिंतीला टाइल्स लागतात, कतब्यावर ऑइलपेंट चढतो, नाहीतर तो दगड काढून कोपऱ्यात टाकला जातो. नियत चांगलीच असते. पण ३०० वर्षांचा पुरावा एका दुपारी जातो, आणि मग आपणच म्हणतो की आमच्या वास्तूंना कोणी विचारत नाही.

फायदा आणि बंधनं

संरक्षण म्हणजे नुसता मान नाही, बंधनंही येतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. म्हणजे शेजाऱ्याला घरावर मजला चढवायचा असेल तरी हा प्रश्न येतो. नमाज बंद होते का? संरक्षण मिळालं तेव्हा जी इबादत रीतसर चालू होती ती सहसा चालू राहते. जिथे बंद होती तिथे नव्याने सुरू करता येत नाही.

वक्फचा मुद्दाही समजून घ्या. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यानुसार, वक्फ म्हणून घोषणा झाली तेव्हा ती वास्तू आधीच केंद्राच्या कायद्याखाली संरक्षित असेल, तर ती वक्फची घोषणा रद्दबातल ठरते. म्हणजे आधी काय झालं, याला महत्त्व आलं. म्हणून दोन्ही राजपत्रांच्या प्रती आणि तारखा ट्रस्टच्या फायलीत असायलाच हव्यात.

यादीत नाव आलं म्हणजे काळजी मिटली असंही नाही. २०२४ मध्ये केंद्राने १८ स्मारकं यादीतून काढायचं ठरवलं. त्यातली काही तर जागेवर सापडतच नव्हती.

आपण काय करावं?

प्रत्येक जुनी मशीद यादीत जाणार नाही, जायलाही नको. पण तिची नोंद मात्र व्हावी. कतब्याचा उजेडात स्वच्छ फोटो घ्या. खडू, ॲसिड, तारेचा ब्रश त्यावर वापरू नका. बुजुर्गांकडून ऐकलेलं तारखेसह वहीत लिहा. जुने सातबारे, सनदा, इनामाची कागदं यांच्या प्रती काढून ठेवा. आणि एक गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्या नागपुरातच आहे. कतबा वाचता येत नसेल तर फोटो जोडून तिथे अर्ज करा.

त्या मुलीला आम्ही एवढंच सांगितलं की बोर्ड लावणं सरकारचं काम आहे, पण दगड जपणं आपलं. दुसऱ्या सोमवारी ती वहीत मशिदीच्या दारावरचा कतबा उतरवून घेऊन आली. अर्धी अक्षरं रंगाखाली गेलेली होती. उरलेली आम्ही वर्गात मिळून वाचली.