ख्रिस्ती धर्मांतील ईश्वरी प्रेम

नारदाच्या भक्तिसूत्रांत भक्तीला परमप्रेमाचें रूप मानलें आहे. आणि आमचें डोंगरकडा ज्या हिंगोली जिल्ह्यांत आहे, त्यांतीलच नरसी हें गांव नामदेवांचें जन्मस्थान म्हणून पूज्य आहे. देवावरील प्रेम ही गोष्ट येथें कोणास नव्यानें सांगावयास नको. तथापि ख्रिस्ती धर्मांत या शब्दाचा जो अर्थ केला आहे, तो आपल्या सुशिक्षित घरांतही फारसा ठाऊक नसतो. म्हणून त्याचा थोडा विचार आम्ही येथें करीत आहों.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंत या प्रेमास मुख्यतः ‘अगापे’ हा शब्द योजिला आहे. समोरच्याची योग्यता पाहून उपजणारी आवड ती ही नव्हे. मनुष्यानें देवावर प्रेम करण्यापूर्वींच, तो पापांत असतां, देवानें त्याच्यावर प्रेम केलें, व ख्रिस्ताचा क्रूसावरील मृत्यु हें त्याचें प्रमाण, असा ख्रिस्ती सिद्धान्त आहे. हें प्रेम पुण्यानें मिळवावयाचें नसून प्रथम स्वीकारावयाचें व मग इतरांस द्यावयाचें असतें. शत्रूचेंही हित करणें ही त्याची कसोटी.

पंडिता रमाबाईंस हा अर्थ ग्रंथाआधीं आचरणांत दिसला. लंडनमधील फुलहॅम येथें, समाजानें टाकलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी मायेनें सेवा करीत असल्याचें त्यांनीं पाहिलें. ही माया कोठून आली, असें विचारतां त्यांस योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यांत आली. ज्या समाजाशीं यहुदी लोक व्यवहार ठेवीत नसत, त्यांतील स्त्रीजवळ ख्रिस्तानें पिण्यास पाणी मागितलें होतें. १८८३ सालीं रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील निराधार मुली व विधवा आणून त्यांनीं केडगांव येथें आश्रय दिला. तेंच ‘मुक्ति’ सदन होय. सेवेंत धर्मान्तराचा हेतु मिसळतो, असा आक्षेप घेऊन १८९३ सालीं पुण्यांत अनेक पालकांनीं त्यांच्या शारदासदनांतून मुली काढून नेल्या होत्या. तो आक्षेप उडवून लावण्याजोगा नव्हे. पण दुष्काळांत वांचलेले जीव हेंही तितकेंच खरें.

कवि नारायण वामन टिळक यांची परीक्षा घरांतच झाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दुरावल्या. पुढें त्या पतीकडे आल्या त्या आपलें सोंवळें घेऊनच. टिळकांनीं तें त्यांस पाळूं दिलें. १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्या विचारानें बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्यास हा दुराव्याचा काळ किती कठीण होता तें कळेल. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचें वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला, त्यांतही बाप्तिस्मा न घेतलेल्यांस मज्जाव नव्हता.

वाचकहो, हें समजून घेण्यास धर्म सोडावा लागत नाहीं. एकत्र कुटुंबांत भिन्न मताचा मुलगा असतो, परजातींतून आलेली सून असते, वांटणीवरून अबोला धरलेला भाऊ असतो. त्यांच्याविषयीं मनांत प्रेम उचंबळेपर्यंत थांबलों तर आयुष्य सरेल. आपणांस आईबापांकडून योग्यता नसतांना काय काय मिळालें, तें प्रथम आठवावें. मग भावाच्या आजारपणांत आपण होऊन जावें, मुलाच्या पत्रास उत्तर धाडावें, सुनेचें ताट आपल्या पंक्तीस मांडावें. मत पटलेंच पाहिजे असें नाहीं. माणूस मात्र परका होऊं देऊं नये.