चेन बदलताय? आधी दाते मोजा!

सोलापूर (प्रतिनिधी) - पहाटे दुधाच्या किटल्या, दुपारी चाऱ्याचे भारे आणि सायंकाळी सहकुटुंब बाजारहाट, अशी सारी कामे सोलापूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एकाच मोटारसायकलवर होतात. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती मुदत संपल्यावर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून गाडी पुढे चालविणारेही अनेक जण आहेत. अशा जुन्या गाडीच्या इंजिनाकडे लक्ष दिले जाते. इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पोहोचविणारी चेन मात्र ती खडखडू लागेपर्यंत कोणाच्या ध्यानीमनी नसते. धावत्या गाडीची चेन तुटली, तर ती पुढच्या चक्राभोवती गोळा होऊन इंजिनाचे केसिंग फोडू शकते किंवा मागचे चाक जागीच जखडू शकते. त्यामुळे चेन व तिची दातेरी चक्रे, म्हणजेच गॅरेजच्या बोलीतील ‘चेन-सॉकेट’, यांची निवड हा जिवाशी निगडित विषय आहे.

चेन लांबते म्हणजे काय?

आज वापरात असलेल्या रोलर चेनचा शोध हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे लावला. तिची मूळ रचना अद्यापही तीच आहे. दोन पट्ट्यांना जोडणारी पिन, पिनेभोवती बुश आणि बुशभोवती फिरणारा रोलर, अशी ही साखळी असते. ‘चेन ओढली गेली’ असे म्हटले जात असले, तरी प्रत्यक्षात पट्ट्यांचे लोखंड ताणले जात नाही. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात. प्रत्येक कडीतील ही झीज केसाएवढीच असली, तरी शंभराहून अधिक कड्यांची झीज एकत्र आल्यावर चेन ढिली पडते. काळ्या जमिनीची बारीक धूळ वंगणात मिसळली, की ती पॉलिश पेपरप्रमाणे काम करते. त्यामुळे शेतरस्त्यावरील गाडीची चेन शहरातील गाडीपेक्षा लवकर संपते.

झीज मोजण्याची पद्धत सोपी आहे. चेन ताणून धरावी व ओळीने २१ पिना मोजून पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्यावे. अर्धा इंच अंतराच्या नव्या चेनमध्ये ते २५४ मि.मी. भरते. साध्या चेनसाठी सर्वसाधारणपणे दोन टक्के वाढ ही मर्यादा मानली जाते. म्हणजेच हे माप २५९ मि.मी.पर्यंत गेले, की चेनचे आयुष्य संपले असे समजावे. टेप हाताशी नसेल, तर मागच्या चक्राच्या अगदी मागील बाजूची कडी बोटांनी ओढून पाहावी. कडी उचलली जाऊन अर्ध्याहून अधिक दाता उघडा पडत असेल, तर चेन बदलण्यास विलंब करू नये.

फक्त चेन बदलली तर?

खर्च वाचविण्यासाठी केवळ चेन बदलण्याकडे अनेकांचा कल असतो. ही बचत बहुधा महागात पडते. जुनी चेन लांबत जाते, तसे चक्राचे दातेही तिच्या वाढलेल्या अंतराप्रमाणे झिजतात आणि विळ्याच्या टोकासारखे एका बाजूला झुकतात. अशा दात्यांवर नवी चेन नीट बसत नाही. सर्व दात्यांवर वाटला जाणारा भार मोजक्याच दात्यांवर येतो आणि नवी चेनही अल्पावधीत निकामी होते. पुढचे १४ आणि मागचे ४२ दात्यांचे चक्र असेल, तर मागचे चक्र एकदा फिरेपर्यंत पुढचे तीनदा फिरते. साहजिकच पुढच्या लहान चक्राची झीज अधिक वेगाने होते. ते झाकणाआड असल्याने दिसत नाही, इतकेच. म्हणून चेन आणि दोन्ही चक्रे एकाच वेळी बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

आकड्यांची भाषा

चेनच्या पट्टीवर ४२८, ५२० असा आकडा कोरलेला असतो. त्यातील पहिला अंक दोन पिनांमधील अंतर सांगतो, तेही जुन्या कारागिरांच्या ‘सुता’च्या हिशेबात! इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. ‘४’ म्हणजे चार सूत, अर्थात अर्धा इंच. ‘५’ म्हणजे पाच सूत. पुढचे दोन अंक आतील रुंदीचे निदर्शक असतात. ४२० ची रुंदी दोन सूत, ४२८ ची अडीच सूत, ५२० ची दोन सूत आणि ५३० ची तीन सूत असते. आकड्यापुढे ‘एच’ असल्यास पट्ट्या अधिक जाड असतात. ती चेन त्याच मापाच्या चक्रावर बसते. मात्र चेन कव्हरला घासत नाही ना, हे पाहावे लागते. शेवटचा आकडा कड्यांच्या संख्येचा असतो. अंतर, रुंदी आणि कड्यांची संख्या ही तिन्ही मापे जुळल्याशिवाय चेन घेऊ नये.

जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. गाडी दोन-तीन हातांतून आलेली असेल, तर आधीच्या मालकाने दात्यांची संख्या बदललेली असू शकते. म्हणूनच काढलेल्या सुट्या भागावर विसंबून न राहता, त्याचे दाते मोजून गाडीच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावेत.

एका दात्याचा फरक

‘पुढे एक दाता वाढवा, ॲव्हरेज वाढेल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचे गणित समजून घेणे इष्ट. मागचे ४२ दाते भागिले पुढचे १४, म्हणजे गुणोत्तर ३ येते. पुढे १५ दाते केल्यास ते २.८ होते. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे सात टक्क्यांनी कमी होतात. पुणे किंवा हैदराबाद महामार्गावर एकट्याने जाणाऱ्यास हे सुखावह वाटेल. परंतु ओढ तेवढीच घटते. दोन किटल्या लादून चढ चढताना वारंवार खालचा गिअर टाकावा लागतो, क्लच झिजतो आणि अपेक्षित बचत हाती लागत नाही. उलट पुढे १३ दाते केल्यास गुणोत्तर ३.२३ होऊन ओढ वाढते. पण सपाट रस्त्यावर इंजिन विनाकारण धावते. लहान चक्रावर कड्या अधिक वाकत असल्याने चेनही लवकर झिजते. पुढचा एक दाता हा मागच्या जवळपास तीन दात्यांच्या बरोबरीचा असतो, हे ध्यानात ठेवावे. ठोस कारण नसेल, तर कंपनीने दिलेलीच संख्या कायम ठेवणे उत्तम.

सुटे भाग मिळतात का?

हीरो होंडा हे नाव २०११ मध्ये हीरो मोटोकॉर्प झाले, तरी त्या काळातील स्प्लेंडरसारख्या गाड्यांचे संच सहज उपलब्ध होतात. म्हैसूरचा जुना येझदी कारखाना आणि यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये बंद झाले. या गाड्यांसाठी अन्य उत्पादकांच्या संचांवर भिस्त ठेवावी लागते. जुन्या घाटणीच्या बुलेटमध्ये मागचे ३८ दात्यांचे चक्र ब्रेक ड्रमला अखंड जोडलेले असते. दाते गेले, की संपूर्ण ड्रमच बदलावा लागतो. अशा गाडीत चेन वेळेत बदलणे हीच मोठी बचत ठरते.

कोइमतूरची रोलॉन किंवा चेन्नईच्या टीआय समूहाची डायमंड यांसारखी नाममुद्रा असलेली चेन घेतली, तरी खोक्यावरील छपाईवर विश्वासून चालणार नाही. पट्टीवर नाव व आकडा स्पष्ट कोरलेला आहे का, हे तपासावे आणि पक्के बिल घ्यावे. रबरी कड्यांची ‘ओ-रिंग’ चेन पिनेजवळचे ग्रीस आत कोंडून ठेवते व धुळीत अधिक टिकते. परंतु ती रुंद असल्याने जुन्या गाडीच्या बंद कव्हरमध्ये बसते की नाही, याची आधी खातरजमा करावी.

बसवल्यानंतर

चेन लॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेलाच असावे. उलट बसलेली क्लिप निसटण्याचा धोका असतो. मागच्या ड्रममधील रबरे व बेअरिंग त्याच वेळी तपासून घ्यावेत आणि दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून चाक सरळ करावे. बहुतेक १०० ते १५० सीसी गाड्यांत खालच्या बाजूच्या मध्यावर २० ते ३० मि.मी. सैलपणा ठेवला जातो. गाडीच्या पुस्तिकेतील आकडा अर्थातच प्रमाण मानावा. फार घट्ट चेन बेअरिंग खाते, फार ढिली दात्यांवरून उडी मारते. इंजिनातून काढलेले जळके ऑइल चेनला लावण्याची सवय सोडावी, कारण त्यात धातूचा कीस असतो. साध्या चेनला गिअर ऑइल लावावे व जास्तीचे फडक्याने पुसून घ्यावे. चेन कव्हर खडखडते म्हणून काढून टाकण्याऐवजी ते दुरुस्त करून पुन्हा बसवावे. धुळीच्या या मुलुखात चेनचे खरे चिलखत तेच होय.