वर्गणी हे कर्जच असते

नियतकालिक बंद पडले की आपण म्हणतो, वाचक नव्हते. हे नेहमीच खरे नसते. अमेरिकेतील ‘हँडवोव्हन’ हे हातमागावर हौसेने विणणाऱ्यांचे नियतकालिक पाहा. लिंडा लिगन या शिक्षिकेने १९७५ साली ‘इंटरवीव्ह’ सुरू केले. त्यातूनच १९७९ मध्ये ‘हँडवोव्हन’ निघाले. मालकी बदलत २०१२ साली ते ‘एफ प्लस डब्ल्यू’ कंपनीकडे गेले. मार्च २०१९ मध्ये कर्जात बुडालेल्या या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. वाचक होतेच, बुडाली ती कंपनी.

अशा वेळी भरडला कोण जातो? वर्गणी म्हणजे वाचकाने दिलेले बिनव्याजी, बिनतारणी कर्ज. ते अंक देऊन फेडायचे असते. दिवाळखोरीत मात्र तारण घेतलेला सावकार पुढे आणि मानधन थकलेला लेखक, वर्गणीदार मागे.

लिगन यांनी त्याच वर्षी दोन सहकाऱ्यांसह नवी संस्था काढून ‘हँडवोव्हन’ विकत घेतले, म्हणून ते वाचले. सर्वांच्या नशिबी असे होत नाही.

आपली नियतकालिकेही वर्गणीवरच जगतात. नवी वर्गणी छापखान्याच्या जुन्या बिलात घालणारा संपादक उद्याचा अंक आजच खातो. वर्गणीचा हिशेब वेगळा ठेवला पाहिजे, आणि वाचकाने तो मागितला पाहिजे.