टॅबची परीक्षा आणि आपले वडीलधारे

दवाखान्याच्या कामकाजात टॅब आता नवलाचा राहिलेला नाही. २०१६ साली सरकारने गावोगाव हिंडणाऱ्या नर्सबाईंसाठी 'अनमोल' नावाची टॅबवरील नोंदवही आणली; २०२१ च्या सप्टेंबरात आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू होऊन चौदा अंकी 'आभा' क्रमांक घरोघर पोहोचू लागला. आता कित्येक ठिकाणी हीच काचेची पाटी खुद्द रोग्याच्या हाती येते. ती वृद्धांना कितपत झेपते, हे तपासण्याचे एक शास्त्र आहे. त्याची ओळख सभासद बंधुभगिनींस करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

प्रश्न आपल्या घरचाच आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीपुढील माणसे शेकडा अकरा होती. देशाचे प्रमाण नऊच्याही आत होते. पेडणे-डिचोलीकडील आज पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचे बालपण १९६१ च्या मुक्तीपूर्वीचे. कोणी मराठी शाळेत बाराखडी गिरवली, कोणी पोर्तुगीज शिकले, कोणाला उर्दू तेवढी वाचता येते, तर कित्येकांना शाळेची पायरीही लाभली नाही. त्यांच्यापुढे इंग्रजी अक्षरांचा टॅब ठेवून "दाबा" म्हटले, तर त्यांनी काय करावे?

एका दवाखान्यात आमच्या आईवर हा प्रसंग आला. तिने बोट काचेवर दाबून धरले, तो भलतीच यादी उघडली. "माझ्या हातून मोडले की काय रे?" म्हणून तिने हात मागे घेतला, तो पुन्हा पुढे केला नाही. दोष तिचा नव्हता. ही काच दाबाने नव्हे, तर बोटाच्या विद्युत्‌वाहकतेने स्पर्श ओळखते. म्हातारपणी त्वचा कोरडी पडते, म्हणून स्पर्श कधी लागत नाही. मग माणूस जोर लावतो, आणि लांबलेला स्पर्श यंत्राला निराळा हुकूम वाटतो. हात कापला की एकाचे दोन स्पर्श होतात. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला फिकट करडी अक्षरे दिसतच नाहीत.

परीक्षा घ्यावयाची ती अशी. वृद्धाला धडा न देता एक काम द्यावे, जसे "आपल्याला कोणते औषध सोसत नाही, ते येथे नोंदवा." मनात येईल ते मोठ्याने बोलत जाण्यास सांगावे, आणि आपण गप्प बसून पाहावे. काम पुरे झाले काय, श्रम व वेळ किती लागला, आणि समाधान वाटले काय, ह्या तीन कसोट्या १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही आहेत. नील्सन व लँडावर ह्या संशोधकांनी १९९३ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे थोड्याच माणसांकडून बहुतेक अडचणी उघड होतात. मात्र ती माणसे तऱ्हेतऱ्हेची हवीत. शिकलेले, न शिकलेले, चष्म्याचे, कापऱ्या हाताचे, सर्वच.

दोन गोष्टी जपाव्या. आपली माणसे भिडस्त, "कसे वाटले?" म्हणताच "बरे आहे" म्हणतील, म्हणून तोंडापेक्षा हाताकडे पाहावे. आणि मुलगा किंवा सून शेजारी नसावी; नाहीतर बटण तीच दाबतात.

एखाद्या प्रश्नाला सारा वर्ग चुकला, तर आम्ही शिक्षक मुलांना छडी दाखवीत नाही, प्रश्नपत्रिका पुन्हा वाचतो. तोच न्याय येथे लावावा. अक्षरे ठळक, बटणे मोठी व अंतरावर, भाषा ओळखीची, सूचना ऐकू येणारी, आणि चूक सुधारण्याची वाट सोपी, एवढे केले तरी पुष्कळ साधेल. कारण न सोसणाऱ्या औषधापुढे चुकून "नाही" दाबले गेले, तर डॉक्टर त्याच नोंदीवर विसंबतो, आणि तेथे जिवाशी गाठ असते.

आपल्या ट्रस्टच्या पुढील आरोग्य शिबिरात टॅब येण्याआधी दहा-बारा वडीलधाऱ्यांना तो हाताळू द्यावा, अशी आमची सूचना आहे. आणि ज्यांना तो मुळीच जमणार नाही, त्यांच्यासाठी कागद, पेन्सिल आणि गोड बोलणारे माणूस कायम ठेवावे.